रोज दहा शब्द, पण वाक्य एकही नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलांचा शब्दसंग्रह वाढावा म्हणून रोज दहा नवे शब्द, प्रत्येकासमोर एकेक अर्थ आणि आठवड्याच्या शेवटी चाचणी, असा प्रघात अनेक शाळांतून दिसतो. हेतू चांगलाच आहे, पण त्यातून मुलांच्या हाती शब्द लागत नाही, लागतो तो फक्त प्रतिशब्द. माझी मुलगी पाचवीत असताना तिच्या वहीत ‘विपुल – खूप’ अशी नोंद होती. चाचणीत तिला पैकीच्या पैकी गुण मिळाले आणि त्याच आठवड्यात तिने निबंधात ‘मला विपुल झोप आली होती’ असे लिहिले. वाक्याखाली लाल रेघ आली. खरे तर विपुल म्हणजे खूप असे सांगितल्यावर, जिथे खूप चालते तिथे विपुलही चालणार, हा तिचा तर्क बिनचूक होता. पाणी विपुल असते, लेखन विपुल असते, झोप मात्र गाढ लागते, हे वहीतल्या त्या आडव्या रेघेने तिला कुठे सांगितले होते?

त्यापेक्षा दोनच शब्द द्यावेत, पण ते दोन-तीन वेगवेगळ्या वाक्यांतून भेटवावेत. निरखणे, न्याहाळणे आणि डोकावणे या तिन्हींचा अर्थ ‘पाहणे’ असा लिहून देण्याऐवजी मुलांना ते करून दाखवायला सांगितले, तर दाराआडून मान पुढे काढणारे मूल ‘डोकावणे’ हा शब्द सहसा विसरत नाही आणि तो न्याहाळण्याच्या जागी वापरतही नाही.

दुसरा प्रश्न उजळणीचा आहे. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने अर्थहीन अक्षरसमूह स्वतः पाठ करून स्मरणाचे प्रयोग केले आणि १८८५ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाठ केलेले सुरुवातीला झपाट्याने विसरले जाते आणि एका दमात केलेल्या घोकंपट्टीपेक्षा अंतराअंतराने केलेली उजळणी अधिक टिकते, असे त्यांना आढळले. वाक्याविना दिलेली शब्दांची यादी मुलांच्या लेखी त्या अर्थहीन अक्षरांहून फारशी वेगळी नसते, आणि आपण तीही चाचणीच्या आदल्या रात्री एका बैठकीत घोकून घेतो! तोच शब्द दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी, मग पंधरवड्याने बोलण्यात सहज पुन्हा आला, तर वेगळ्या चाचणीची गरज क्वचितच पडेल.

मोठ्या वर्गांतील मुलांना शब्दांची घडणही दाखवता येते. ‘अनु’ म्हणजे मागून, एवढे कळले की मागून जन्मलेला तो अनुज, मागून जाणारा तो अनुगामी, दुसऱ्याचे पाहून मागाहून करणे ते अनुकरण, असे एकाच्या ओळखीने दुसरा उलगडत जातो. अर्थात ही युक्ती सगळीकडे चालत नाही. आहार, विहार, प्रहार आणि संहार यांतला ‘हार’ एकच असला, तरी नुसत्या उपसर्गावरून त्यांचे अर्थ कोणालाही ओळखता येणार नाहीत, तिथे पुन्हा वाक्याकडेच यावे लागते.

आपल्या दैनिकाच्या मुलांच्या पानावर शब्द आणि अर्थ यांची चौकट असते. तिच्यात पाच शब्दांऐवजी एकच शब्द, त्याची तीन वाक्ये आणि तो जिथे शोभत नाही असे एखादे वाक्य छापता आले, तर पाहावे, ही विनंती.

आपली नम्र,
एक पालक