बारक्या गेला

प्रिय मंद्या,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, चालते, मला ओरडते, म्हणजे बरी आहे. फोनच करणार होते पण फोनवर तू मधे मधे बोलतोस आणि हे मला एका दमात सांगायचंय. बारक्या गेला.

हो, तुझाच बारक्या, आपल्या डीअँडडीमधला (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून गोष्ट खेळायचा खेळ), तू खेळायचास तो. गेल्या शनिवारी, खेळातल्या पुलावर, दोन ट्रोल राक्षसांच्या मधे सापडून. इथे हे कुणाला सांगू? ऑफिसात सांगितलं तर म्हणतील कोण बारक्या, घरी सांगितलं तर बाबा म्हणतील कागदावरचा माणूस कसा मरतो. तुला काही समजावून सांगावं लागणार नाही म्हणून तुला लिहितेय.

तू जाताना त्याची शीट, म्हणजे त्याची माहिती लिहिलेला कागद, माझ्याकडे देऊन सांभाळ म्हणालास, आणि मी त्याला फँडॅलिनमध्ये, खेळातल्या त्या गावात, खानावळ काढून दिली इथपर्यंत तुला माहितीये. पुढचं नाही माहिती. आता डीएम, म्हणजे खेळ चालवणारी, मी आहे, आणि नवीन पोरांना पहिल्याच सेशनला तो भेटला, खोटा नकाशा विकला, आणि रात्री स्वतःच मागून कंदील घेऊन आला की बाबांनो तिकडे जाऊ नका. झालं, तेव्हापासून पोरं त्याच्यावर जीव टाकतात. तेजस तर कुठल्याही गावातून परत आला की आधी खानावळीत जातो, काही काम नसलं तरी. मी तुझाच आवाज काढते त्याचा, तो नाकातला, आपल्यात खेळणारे डॉक्टर म्हणतात हुबेहूब आहे.

तर पूल. मुग्धाची क्लेरिक, म्हणजे मंत्र टाकणारी पुजारीण, आधीच झिरो हिट पॉइंट्सवर, मरणाच्या दारात पडलेली, आणि बारक्या तिला ओढायला पुढे गेला. मी नेलं म्हणू नकोस, तो गेलाच असता, तू असतास तर तूही नेला असतास. ट्रोलचे दोन पंजे लागले आणि आडवा. बहुतेक डीएम एनपीसी, म्हणजे डीएमच्याच हातातलं पात्र, झिरोवर आला की मेला असंच धरतात, पण खास माणसांना डेथ सेव्ह (दर राउंडला एक फासा, दहा किंवा वर पास, तीन फेल झाले की मेला) द्यायची मुभा पुस्तकातच आहे, आणि बारक्यापेक्षा खास कोण? डीएमचे फासे झाकणारी स्क्रीन बाजूला केली, तुझाच तो हिरवा डी-ट्वेंटी, वीस बाजूंचा फासा काढला, कोपरा उडालेला, आणि सगळ्यांसमोर टाकला. सात, फेल. पुढच्या राउंडला चौदा, सगळे टेबल बडवायला लागले. मग एक. एक म्हणजे दोन फेल एकदम, तिथेच कारभार आटोपला असता, पण तेजस किंचाळला अगं हाफलिंग आहे तो, लकी! खरंच की, हाफलिंगला, त्या बुटक्या नशीबवान जमातीला, एक आला की परत टाकायचा. परत टाकला, सहा. दोन फेल, एक पास. शेवटचा फासा डॉक्टरांच्या कपाला आपटून थांबला. नऊ. दहा लागत होते रे.

आणि लगेच पुढच्या टर्नला मुग्धाने स्वतःच्या डेथ सेव्हला वीस टाकला. उठली, एक हिट पॉइंट घेऊन. मेल्यावर मिनिटाच्या आत रिव्हिव्हिफाय, जिवंत करायचा मंत्र, चालतो, तो टाकायला स्लॉटही शिल्लक होता, पण त्याला तीनशे गोल्डचा हिरा लागतो आणि तो आधीच्याच सेशनला डॉक्टरांच्या बार्बेरियनवर खर्च झालेला. तेजसने बारक्याला खांद्यावर टाकलं आणि सगळे पळत सुटले. कुणी बोलेना. डॉक्टर एरवी दर पाच मिनिटाला चहा मागतात, त्यांनी पण मागितला नाही.

आता तू म्हणणार कोपरा उडालेला फासा चालतच नाही. चालतो. थंडरट्रीच्या ड्रॅगनसमोर उभं राहून तू 'टॉवरचा कर थकलाय, वसुलीला आलोय' म्हणालास ना, तेव्हा याच फाशाने वीस दिला होता, तेव्हा बरा चाललेला.

आणि दुसरं काय म्हणशील तेही माहितीये. स्क्रीनमागे टाकायचा होतास, नऊला अकरा म्हणायचं, कुणाला कळलं असतं? तू पम्याचा विझार्ड तसाच वाचवलास, आणि त्याला कळलं तेव्हा आपण तिघं अमृततुल्य बंद होईपर्यंत भांडलो. मी अजून त्याच मतावर आहे. पम्याने त्यानंतर तो विझार्ड कधी मनापासून खेळला नाही, कारण आपण खरंच वाचलो होतो का हेच त्याला कळेना. मरायची भीती खरी असेल तरच वाचल्याचा आनंद खरा. ड्रेड आठव, तो भीतीचा खेळ. फासेच नाहीत, जेंगाचा टॉवर, ब्लॉक ओढायचा आणि टॉवर पडला की तुझं कॅरेक्टर गेलं. तिथे तुला लपायला स्क्रीन नव्हती, हात थरथरत होते तुझे, आणि घरी जाताना तूच म्हणालास की असला भारी गेम आयुष्यात खेळलो नाही. माझ्या या मुद्द्यावर आजपर्यंत उत्तर दिलेलं नाहीस.

तशी मी मरणाला घाबरणारी नाही. 2024 ला डीअँडडीला 50 वर्षं झाली म्हणून डॉक्टरांनी 1974 च्या जुन्या नियमांनी एक वन-शॉट, एका बैठकीत संपणारा खेळ, घेतलं, डीअँडडी बनवणाऱ्या गायगॅक्स आणि आर्नेसनच्या त्या तीन पुस्तिकांमधल्या. तिथे झिरो म्हणजे मेलास, सेव्हबिव्ह काही नाही. एका रात्रीत माझी दोन कॅरेक्टर्स गेली आणि मजा आली. कॉल ऑफ कथुलू या भयकथेच्या खेळात तर वेडं व्हायलाच बसतो आपण, सॅनिटी घसरत जाताना बघण्यातच गंमत. आणि माझं लाडकं ब्लेड्स इन द डार्क, चोरांच्या टोळीचा खेळ, त्यात चौथा ट्रॉमा, म्हणजे मनावरचा घाव, लागला की माणूस रिटायर होतो, मला तो नियम फार आवडतो, कारण तिथे माणूस धंद्यातून उठतो, जगातून नाही. बारक्या तसाच उठला होता रे. खानावळ होती, गल्ल्यावर बसायचा. म्हणून जास्त लागलं.

पण मी अडलेय ती दुसरीकडेच. मुग्धाने त्याच्यावर जेंटल रिपोज टाकलंय. चिमूटभर मीठ, आणि दोन्ही डोळ्यांवर एकेक तांब्याचं नाणं, ती काढायची नाहीत. त्याने प्रेत टिकतं आणि रेझ डेडची, म्हणजे मेलेल्याला उठवायच्या मंत्राची, दहा दिवसांची मुदत पुढे सरकते. पोरं त्याला नेव्हरविंटर शहरातल्या देवळात नेतायत. पाचशे गोल्डचा हिरा लागतो, तर तेजसने त्याची जादूची तलवार विकली. ती तलवार मिळवायला त्याने काय काय केलं ते मी बघितलंय, आणि विकताना एका शब्दाने कुरकुरला नाही. मी आडून आडून सांगून बघितलं की विचार कर. म्हणाला बारक्याने पण कंदील आणला होता ना.

आणि रेझ डेडमध्ये स्पष्ट लिहिलंय, आत्मा परत यायला राजी पाहिजे. पुजारी विचारणार, बारक्या, येतोस का? उत्तर कोण देणार? डीएम म्हणून मी देऊ शकते, कुणी अडवणार नाही. पण फासे उघडे टाकायचे आणि हे मात्र मनातल्या मनात ठरवून मोकळं व्हायचं, हे तुझ्या स्क्रीनमागच्यासारखंच झालं की नाही? पोरांसाठी हो म्हणावंसं वाटतं. आणि मग तुझा बारक्या आठवतो, भावाला त्या खाणीत सोडून यावं लागलं तेव्हा रात्रभर पहाऱ्यावर जागा राहिलेला, आपण कुणीच तेव्हा जोक केला नाही. तो भाऊ आता तिकडे आहे. बारक्या त्याला सोडून परत येईल का? आठवडाभर मी दोन्ही बाजूंनी विचार करतेय, बसमध्ये, भाजी चिरताना, आणि दर वेळी उत्तर तुझ्यापाशीच येऊन अडतं. आवाज मी काढत असेन, माणूस तुझा आहे.

तुझं काय चाललंय? सायलीला त्या लॅबमध्ये लागलं का? घर मिळालं का, की अजून त्या कौन्सिलच्या कागदांतच अडकलायस? आइंडहोवनला खेळायला टेबल मिळालं असेल तर लिही, सविस्तर, कोण काय खेळतं ते. काकूंना भेटून आले, लाडू दिलेत, कुणी येणारं असेल तर पाठवते.

शनिवारी सहाला बसतोय, तुझ्याकडे दुपार असेल. हो असेल तर कॉलवर ये आणि डोळे उघडल्यावरचं पहिलं वाक्य तूच बोल, नंतर अ‍ॅटॅक, सेव्ह आणि चेकच्या रोल्सना मायनस चार आहे, प्रत्येक लांब विश्रांतीनंतर एक कमी होतो, ते मी बघेन. नाही असेल तरी ये. तेजसला ते माझ्या तोंडून ऐकवायची माझ्यात हिंमत नाही, बारक्याचं बारक्यानेच सांगावं.

तुझी,
ऋचा

ता.क. पम्याला अजून कळलेलं नाही. तू बोलू नकोस, मी सांगते.