बिलातल्या प्रत्येक रकमेपुढे तपशील हवा : ऊर्जामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. ऊर्जामंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : घरगुती वीजबिलातील खुलासा नसलेल्या रकमा.

महोदय,

रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका गावातून हे पत्र लिहीत आहे. तीस वर्षे मी विविध कार्यकारी सोसायटीत जमाखर्च लिहिला. निवृत्त झाल्यापासून गावातली माणसे वीजबिले घेऊन माझ्या ओटीवर येतात. आलेले बिल समजून कोणाकडून घ्यायचे, हा प्रश्न इथे घरोघरी आहे.

मे महिन्यात शेजारच्या माई आल्या. वय ७८, घरात एकट्या. दोन बल्ब, एक पंखा, एक लहान फ्रीज. एरवी बिल चारशे-साडेचारशेचे येते. या खेपेला ४,०१० रुपये होते. "बघ रे बाबा, वायर तोडतील काय माझी?" एवढेच त्या म्हणाल्या.

मी त्यांना जुनी बिले आणायला सांगितले. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घरपट्टीच्या पावत्यांसोबत सगळी नीट घडी घालून ठेवलेली होती. ओटीवर ओळीने मांडली. जानेवारी ते एप्रिलच्या चारही बिलांत चालू रीडिंग आणि मागील रीडिंग हे आकडे एकच होते, आणि तरी दरमहा ४० युनिटे वापर दाखवला होता. शेरा होता 'घर बंद'. म्हणजे चार महिने रीडिंग झालेच नाही, सरासरीने बिल लावले. माई तर डिसेंबरपासून पाय दुखतो म्हणून तोवर वाडीबाहेर पडल्याच नव्हत्या. फार तर रीडिंगवाला आला तेव्हा मागच्या परसात काजूबिया वाळत घालत असतील. एखादा महिना तसे होऊ शकते, सलग चार महिने कसे होईल?

मेमध्ये रीडिंग झाले आणि ३९० युनिटे निघाली. ती पाच महिन्यांची होती, पण बिलात एकाच महिन्याची म्हणून धरली. खरी मेख इथे आहे. पहिली १०० युनिटे स्वस्त असतात, १०१ ते ३०० युनिटांचा दर त्याच्या दुपटीहून जास्त आणि ३०० च्या पुढे आणखी चढा. ३९० ला पाचाने भागले तर महिन्याला ७८ युनिटे येतात. माई एकाही महिन्यात शंभराच्या वर गेल्या नव्हत्या. तरीही त्यांची अर्धीअधिक वीज वरच्या दराने मोजली गेली. आधी भरलेले पैसे 'समायोजित रक्कम' अशा दोन शब्दांत वजा केले होते. कोणत्या महिन्यांचे, कोणत्या दराने, काही नाही.

आम्ही तालुक्याला वीज कार्यालयात गेलो. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचे तिकीट पडत नाही, पण दिवस मोडतोच. पहिल्या दिवशी खिडकीवर उत्तर मिळाले, "सिस्टीममधून आलंय, आधी भरा, मग बघू." माईंनी भरले. काजूच्या पैशांतून, जे पावसाआधी घर शाकारायला बाजूला ठेवले होते. दुसऱ्या खेपेला साहेब साइटवर होते. तिसऱ्या खेपेला मी पाच महिन्यांचा हिशेब एका कागदावर मांडून नेला. तो एका तरुण अभियंत्याने पाहिला, पंधरा मिनिटांत चूक मान्य केली आणि दुरुस्ती लिहून दिली. त्याने जराही आढेवेढे घेतले नाहीत, हेही इथे नोंदवतो. दुरुस्त बिल निघाले १,७५० रुपयांचे. जादा घेतलेले २,२६० रुपये पुढच्या बिलांतून वळते होत आहेत. हातात रोख काही आली नाही आणि शाकारणी राहिली ती राहिलीच. पावसाळाभर माई मधल्या खोलीत पातेली मांडून होत्या.

त्या २,२६० रुपयांत तीनशेहून अधिक रुपये वीज शुल्काचे होते. घरगुती वापरावर ते १६ टक्के आहे आणि ते राज्य सरकारकडे जाते. म्हणजे चुकीच्या आकारणीवरचे शुल्कही सरकारी तिजोरीच्या नावे निघाले. म्हणून हे पत्र कार्यालयाला न लिहिता आपल्याला लिहीत आहे.

विद्युत अधिनियम, २००३ मी या निमित्ताने वाचला. कलम ५६ प्रमाणे १५ दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय थकबाकीसाठी वीज तोडता येत नाही. रकमेबद्दल वाद असेल तर ग्राहकाने हरकत नोंदवून मागणीची रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम, यांतली जी कमी असेल ती भरली की वाद मिटेपर्यंत वीज तोडायची नाही, असेही तिथे लिहिले आहे. माईंना त्या दिवशी साडेचारशेच्या आसपास भरून घरी येता आले असते. खिडकीवर हे कोणी सांगितले नाही. मलाही तेव्हा ठाऊक नव्हते, आणि याची मला आजही खंत आहे.

वायरमनबद्दल माझी तक्रार नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडे खांबच्या खांब आडवे झाले होते, तेव्हा पडलेली झाडे तोडत, चिखलातून तारा ओढत याच माणसांनी उजेड परत आणला. माझे म्हणणे कागदाबद्दल आहे.

सोसायटीच्या खतावणीत तपशिलाचा रकाना कोरा ठेवून मी एक रुपया जरी नावे टाकला असता, तरी लेखापरीक्षकाने ते पान पुढे जाऊ दिले नसते. वीजबिलालाही तोच नियम लावा. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार ही नावे निदान छापलेली तरी असतात. 'इतर आकार' आणि 'समायोजित रक्कम' यांच्यापुढे मात्र कारण आणि कालावधी मराठीत छापला गेलाच पाहिजे. एकाहून जास्त महिन्यांचे बिल असेल तर महिनावार युनिटे आणि कोणती युनिटे कोणत्या दराने धरली, हे त्याच कागदावर यावे. हे सगळे आकडे संगणकात असतातच. कलम ५६ मधली सवलत बिलाच्या दर्शनी बाजूला, वाचता येईल अशा अक्षरात द्यावी. आणि सलग दुसऱ्या महिन्यात 'घर बंद' शेरा पडला तर तिसऱ्या महिन्यात कोणीतरी दारात येऊन खात्री करावी. मोबाईलवरून रीडिंग पाठवायची सोय आहे, हे मला माहीत आहे. माईंचा फोन बटणांचा आहे, आणि खाडीच्या या बाजूला रेंजही धड नसते.

आमच्या वाडीतली निम्मी घरे चाकरमान्यांची आहेत. ती गणपतीला आणि मे महिन्यात उघडतात. तिथे 'घर बंद' हा शेरा खरा असतो, पण कुलूप निघाल्यावर पुढच्या रीडिंगला सगळी युनिटे एकदम येतात आणि दर वर चढतो. मुंबईला परतलेला माणूस अडीच-तीन हजारांसाठी पुन्हा तालुक्याला येत नाही, भरून मोकळा होतो. गेल्या गणपतीत मी अशा चार घरांची बिले तपासली. दोन घरांत महिने वाटून दर लावले होते, दोन घरांत नव्हते. वाडी एक, कार्यालयही एकच. मग कोणाला कोणता नियम, हे बिल पाहून मला सांगता आले नाही.

माईंची पाचही बिले आणि माझ्या हिशेबाचा कागद, ग्राहक क्रमांक झाकून, आपल्या कार्यालयाकडे टपालाने पाठवले आहेत. त्यावर लेखी उत्तर मिळावे, ही विनंती. उत्तर मराठीत असावे. मला ते माईंना वाचून दाखवायचे आहे.

आपला नम्र,
एक वीजग्राहक,
जि. रत्नागिरी