महाकाय यंत्रे आणि युद्धाचे राजकारण

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील जपानी ॲनिमेशनपटांवरच्या लेखात महाकाय यंत्रमानवांच्या युद्धपटांची खेळण्यांच्या जाहिराती म्हणून एका वाक्यात बोळवण करण्यात आली आहे. खेळण्यांचा मुद्दा खोटा नाही. ‘मोबाइल सूट गंडम’ ही मूळ दूरचित्रवाणी मालिका १९७९ मध्ये खेळणी बनवणाऱ्या कंपनीच्याच पाठबळावर उभी राहिली, पुरेसा प्रेक्षक न मिळाल्याने ४३ भागांत आवरती घ्यावी लागली आणि पुढे पुनःप्रक्षेपणामुळे व प्लास्टिकच्या प्रतिकृतींच्या खपामुळे तिला नवे आयुष्य मिळाले. मात्र एवढ्यावरून या चित्रपटांना युद्धाविषयी काही सांगायचे नसते, हा लेखकाचा निष्कर्ष पटत नाही.

दिग्दर्शक योशियुकी तोमिनो यांचा, ‘गंडम’चीच कथा पुढे नेणारा १९८८ मधील ‘शार्स काउंटरअटॅक’ हा चित्रपट पाहावा. अंतराळवसाहतींचा नेता शार अझ्नाबल याला पृथ्वीवर लघुग्रह पाडून ती राहण्यास अयोग्य करायची आहे, म्हणजे उरलेल्या माणसांना अंतराळात जाण्यावाचून गत्यंतर राहणार नाही आणि पृथ्वीला विसावा मिळेल, असा त्याचा हिशेब आहे. पहिला आघात तिबेटमधील ल्हासावर होतो, कारण या कथेत पृथ्वीच्या संघराज्याचे मुख्यालय तेथे आहे. एवढे होऊनही हेच संघराज्य वाटाघाटींना बसते आणि ॲक्सिस नावाचा आणखी एक लघुग्रह सोन्याच्या मोबदल्यात शारलाच विकून टाकते! करार करणारे अधिकारी क्रूर नाहीत. त्यांना प्रकरण मिटवून मोकळे व्हायचे आहे, आणि त्यांची ही बेफिकिरी मला चित्रपटातील कोणत्याही स्फोटापेक्षा अधिक भीतिदायक वाटते.

शारचे उदात्त तत्त्वज्ञानही तोमिनो जसेच्या तसे स्वीकारत नाहीत. आपला जुना प्रतिस्पर्धी आमुरो रे याला बरोबरीच्या लढतीत हरवता यावे म्हणून शार स्वतःकडील प्रगत तंत्रज्ञान मुद्दाम त्याच्यापर्यंत पोहोचू देतो. म्हणजे कोट्यवधी माणसांच्या मरणाच्या आड त्याचा एक खासगी हिशेब चालू असतो. आधीच्या युद्धात शारला वाचवण्यासाठी मध्ये आलेली लाला सून नावाची तरुणी आमुरोच्या हातून मारली गेली होती. ॲक्सिस पृथ्वीकडे कोसळत असतानाही हे दोघे तिच्यावरूनच भांडत राहतात. युद्धाचे गौरवीकरण करू पाहणाऱ्या दिग्दर्शकाने आपल्या नायकांना इतके क्षुद्र होऊ दिले नसते.

चित्रपट निर्दोष आहे असे नव्हे. भारतीय वळणाची लाला आणि भारतात शिकून आलेली, या चित्रपटातील किशोरवयीन मुलगी क्वेस या दोघींकडेही अतींद्रिय शक्ती आहे, आणि भारत म्हटला की गूढविद्या हा ठोकळेबाजपणा येथेही खटकतो. शिवाय आधीच्या मालिका न पाहिलेल्या प्रेक्षकाला पहिला अर्धा तास कोण कोणाच्या बाजूचे आहे हेच उमगत नाही. त्याने मूळ मालिकेवरून संकलित केलेल्या १९८१-८२ च्या तीन चित्रपटांपासून सुरुवात करणे सोयीचे ठरेल. पुरवणीत या तीन चित्रपटांचा सविस्तर परिचय छापावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, ठाणे