पन्नासाव्या वाढदिवसाचं जेवण

ती. बाबा आणि ती. आई यांस,
सा. न. वि. वि.

हॉल घेतलेला नाही. दादा फोनवर "बघू, ठरवतो" म्हणाला, कारण नीट सांगायचं काम माझ्याकडे आलंय. तुमच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला तुम्ही दोघं, दादा-वहिनी, पिल्लू आणि मी ताजमहाल हॉटेलातल्या गोल्डन ड्रॅगनमध्ये जेवायचं. टेबल सांगून झालंय.

आई, तुझ्या डोळ्यांसमोर आधी आत्या आणि कोल्हापूरची मंडळी आली असणार. त्यांना पुढच्या रविवारी घरी बोलावू, जेवण बाहेरून मागवू, वाढायला मी आणि वहिनी आहोत. कुणाला तोडलं असं वाटून घेऊ नकोस. मंजूच्या लग्नात तू शेवटची पंगत उठेपर्यंत उभी होतीस आणि बाबा आचाऱ्याच्या मागे. स्वतःच्या दिवशी तरी तुम्ही बसावं आणि तुम्हाला कुणीतरी वाढावं, एवढंच माझ्या मनात आहे. इतक्या लांब राहून मी तुमच्यासाठी रोजचं काहीच करू शकत नाही. निदान हे करू द्या.

चायनीजच का, असं बाबा विचारतील. गोल्डन ड्रॅगन 1973 साली सुरू झालं, तुमच्या लग्नाच्या तीन वर्षं आधी. सिचुआन प्रांताचं जेवण आपल्याकडच्या ताटांत पहिल्यांदा आणलं ते त्यांनी. बाबा, तेव्हा तुम्ही फोर्टात नवे लागला होतात. रविवारी गेटवेवर शेंगदाण्याची पुडी हातात देऊन तुम्ही आम्हाला फिरवायचात आणि मी विचारायचे, त्या हॉटेलात आत काय असतं? "आपल्यासारखीच माणसं जेवतात," म्हणायचात. सगळी नोकरी तुम्ही त्या इमारतीच्या जवळून ये-जा केलीत, पण आत कधी पाऊल टाकलं नाहीत. आमच्या फिया आधी भरल्यात. आणि मला टायफॉइड झाला होता तेव्हा स्टीलच्या डब्यात स्वीट कॉर्न सूप घेऊन लोकलच्या गर्दीतून कोण आलं होतं? डबा तुम्ही छातीशी धरला होता, शर्टावर डाग पडला होता. त्या सूपची चव अजून माझ्या जिभेवर आहे.

खर्चाचं विचारू नका. नोकरीत पुढची पायरी मिळाली तेव्हाच हे पैसे मी बाजूला ठेवले. हॉल, केटरर आणि मंडप धरले असते तर याहून जास्तच गेले असते. शिवाय सहाच माणसं, त्यातलं एक अजून दुधभातावर. तेव्हा उधळपट्टी म्हणू नका.

आई, तुला तिथलं परकं वाटेल ही माझी खरी काळजी होती, म्हणून थोडं वाचून ठेवलंय. त्यांच्या तिखटात जी झिणझिणी आणणारी मिरी असते, ती आणि तुझ्या बांगड्याच्या आमटीतलं तिरफळ ही एकाच कुळातली झाडं. जीभ बधिर झाली तर घाबरू नकोस, तुझ्या माहेरी ती रोजच होत असे. वाफवलेल्या काही डिमसमची पारी उकळतं पाणी घालून मळतात आणि कडेला बारीक चुण्या घालतात. तू उकडीच्या मोदकाला कळ्या पाडतेस तशाच. तू त्या चुण्या मोजत बसशील हे मला माहीत आहे. जरूर मोज. गाडीवरचं मंचुरियन मात्र तिथे मागू नका. ते कोलकात्याहून आलेल्या नेल्सन वांग यांनी 1975 मध्ये आपल्या मुंबईतच केलं असं सांगतात. चांगलंच असतं ते, पण त्यासाठी डोंबिवली स्टेशन आहे.

आलं घालून वाफवलेला अख्खा मासा मी नक्की मागवणार. चिनी घरांत माशाचं डोकं सर्वांत मानाच्या माणसाकडे करून ठेवतात आणि मोठ्यांनी घेतल्याशिवाय बाकीचे सुरुवात करत नाहीत. म्हणजे बाबा, त्या दिवशी "तुम्ही घ्या, माझं होईल" चालणार नाही. पहिला घास तुमचा.

आता पथ्य. बाबा, सोया सॉसची वाटी मी तुमच्यापासून लांब ठेवणार आहे. दिवसभरात एकूण 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि त्या सॉसच्या एका मोठ्या चमच्यात दोन ग्रॅमच्या वर मीठ जातं. त्या दिवशी दुपारी पापड, लोणचं बंद. आई, गोडसर सॉसमध्ये साखर असते, कॉर्नफ्लोअरही असतं. तू वाफवलेलं, भाज्या आणि थोडाच भात घे. तुझी जेवणाआधीची गोळी पर्समध्ये, नेहमीच्या पिवळ्या डबीत. काड्यांनी खायची सक्ती नाही, काटा-चमचा मागून घेऊ. बिनदुधाचा चहा नको वाटला तर गरम पाणी सांगू.

गाडी दारात येईल, लोकलचा विचारही करायचा नाही. सात-साडेसातचं पहिलंच टेबल घेतलंय, म्हणजे बाबांच्या झोपेच्या वेळा बिघडणार नाहीत. जेवून परत डोंबिवली नाही, दादाकडे वडाळ्याला झोपायचं. तुमच्या उशा आदल्या दिवशीच तिकडे पोचवतोय. आई, गुडघ्याचा पट्टा लाव, साडीखाली कुणाला दिसत नाही. नारायणपेठ नेस, ती जांभळी. बाबा, नवा शर्ट घातलाच पाहिजे, कपाटात दिवाळीपासून घडीत पडलाय. बूट घट्ट होत असतील तर आत्ताच सांगा, मी येताना घेऊन येते.

आणि बिल आलं की बाबा, हात पुढे करायचा नाही. वहिनीला सांगून ठेवलंय, तुमचं पाकीट ती आधीच काढून घेणार आहे.

आत्याला मीच फोन करते, तुम्ही अवघडू नका. पत्र मिळाल्यावर कळवा.

तुमची,
चिमी