जुन्या शिक्षेचा तक्ता निकालानंतरच उघडावा : गृहमंत्र्यांना खुले पत्र

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सविनय नमस्कार.

नाशिकमध्ये गंगापूर रोडला किंवा इंदिरानगरात सोनसाखळी ओढल्याची बातमी आली, की सराईत चोरांच्या जुन्या शिक्षाच खटल्यात पुरावा म्हणून वाचाव्यात, अशी मागणी ऐकू येते. सिंहस्थ जवळ येईल तशी ती वाढेल. आपण ती उचलून धरू नये, अशी विनंती आहे.

भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ४९ नुसार आरोपीने स्वतःच्या चांगल्या वर्तनाचा पुरावा दिला, तरच त्याला उत्तर म्हणून सरकार पक्षाला त्याचे पूर्वीचे दुर्वर्तन पुढे आणता येते. त्याआधीच्या १८७२ च्या पुरावा कायद्यातील कलम ५४ हेच सांगत होते. वाढीव शिक्षेसाठी जुनी शिक्षा दाखवायची असेल, तरी सत्र खटल्यात आरोपी दोषी ठरेपर्यंत तिचा उल्लेखही करायचा नाही, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे, म्हणजे फौजदारी कार्यपद्धतीच्या नव्या कायद्याचे, कलम २५९ बजावते.

प्रत्यक्षात रिमांड अहवालाबरोबर, म्हणजे आरोपीची कोठडी मागताना पोलीस न्यायालयात देतात त्या अहवालाबरोबर, बहुधा त्याच्या पूर्वीच्या गुन्ह्यांचा एक तक्ता येतो : पोलीस ठाणे, गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर), कलम. निकालाचा रकाना असलाच तर पुष्कळदा कोरा. शिक्षा झालेले, निर्दोष सुटलेले आणि प्रलंबित असे सगळे खटले त्यात एकाच रांगेत बसतात. कोठडी किंवा जामीन ठरवताना हा इतिहास पाहणे रास्तच आहे. पण तोच तक्ता दोषारोपपत्रालाही जोडला जातो, आणि आपल्याकडे ज्युरी नसल्यामुळे तो वाचणारे न्यायदंडाधिकारीच अनेकदा पुढे निकालही देतात.

सोनसाखळी चोरीच्या तपासात पोलीस अनेकदा आधी अभिलेखावरील गुन्हेगारांचे फोटो फिर्यादी बाईंना दाखवतात, म्हणजे जुन्या शिक्षेमुळेच तो माणूस संशयित ठरतो. दुचाकीवरून मागून आलेला, हेल्मेट घातलेला चोर त्यांनी जेमतेम क्षणभर पाहिलेला असतो. ओळख परेडीत त्यांनी बोट दाखवले, ते चोराच्या आठवणीने की फोटोच्या, हे उलटतपासात पारखायचे असते. तिथे जुनी शिक्षा पुन्हा पुरावा म्हणून आली, तर एकच गोष्ट दोनदा मोजली जाते आणि कच्ची ओळख पक्की वाटू लागते. शिवाय खरा चोर मोकळा राहतो, याची चिंता मागणी करणाऱ्यांनाही असायला हवी.

इंग्लंडने २००३ च्या फौजदारी न्याय कायद्याने असा पुरावा बराच मोकळा केला, हा दाखला हमखास दिला जातो. खटल्याच्या न्याय्यतेला बाध येत असेल तर तो नाकारण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे, हे मात्र सांगितले जात नाही. आपल्याकडेही जिथे हेतू किंवा जाणीव हाच वादाचा प्रश्न असतो, तिथे पूर्वीचे कृत्य मर्यादेत पुढे आणण्याची वाट साक्ष्य अधिनियमाच्या कलम १२ ने ठेवलेली आहे.

तेव्हा आपल्या खात्याने परिपत्रक काढून पूर्वेतिहासाचा तक्ता दोषारोपपत्रातून वगळावा आणि बंद लिफाफ्यात सरकारी अभियोक्त्यांकडे द्यावा. त्याची प्रत बचाव पक्षालाही मिळावी. प्रत्येक नोंदीपुढे खटल्याचा निकाल लिहिणे सक्तीचे व्हावे, ओळख परेडीआधी फोटो दाखवले असतील तर तशी नोंद व्हावी, आणि शिक्षेचा निकाल हाती नसताना प्रेसनोटमध्ये कोणाला ‘सराईत’ म्हणू नये. यातल्या कशासाठीही कायदा बदलावा लागत नाही. नाशिक पोलीस आयुक्तालयापासून सुरुवात करता येईल.

आपला विश्वासू,
नाशिक जिल्हा न्यायालयातील एक फौजदारी वकील