शोधायचं कोणत्या नावाने, हे शिकवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

गेल्या महिन्यात प्रबंध जमा केला. ऋणनिर्देशाच्या पानावर तुमच्या वाट्याला दीड ओळ आली. मार्गदर्शक, विभाग, शिष्यवृत्ती, घरचे, अशी ती रांग ठरलेली असते आणि त्या रांगेत ‘ग्रंथालयातील कर्मचारी’ शेवटून दुसरे येतात. त्या दीड ओळीत जे मावलं नाही ते इथे लिहिते आहे. पत्र खुलं ठेवलं आहे, कारण मानववंशशास्त्राच्या संशोधनाला लागलेली मुलं जिथे अडतात तिथेच मी अडले होते आणि तुम्ही मला जे दाखवलंत ते त्यांनाही कळावं असं मनापासून वाटतं. नाव लिहू नकोस, असं तुम्ही बजावलंत. ते पाळते.

ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात पहिल्यांदा तुमच्या टेबलाशी आले तो दिवस तुम्हाला आठवत नसेल. मी चार दिवस संगणकावर ‘कातकरी’ हा एकच शब्द टाकत होते. मराठीत टाकला, इंग्रजीत टाकला. मोजून सहा नोंदी आल्या आणि सहाही १९८० नंतरच्या. माझा प्रश्न मात्र त्याआधीचा होता. ज्या जमातीचं नावच कातावरून पडलं, खैराच्या लाकडातून कात काढणं हा जिचा धंदा होता, ती माणसं आज रायगडात आणि ठाण्यात वीटभट्टीची उचल घेऊन पावसाळा सरला की घरं सोडतात. विड्यातल्या कातापासून विटेपर्यंत मधे काय घडलं, हे मला जुन्या कागदांतून काढायचं होतं. तुमच्याकडे येण्याआधी एका कार्यालयात विचारून पाहिलं होतं. “जुनं काही ठेवत नाही आम्ही, नेटवर बघा,” एवढं उत्तर घेऊन मी परत फिरले होते. विषय बदलावा का, हे मार्गदर्शकांना विचारायचं मनाशी ठरवूनच तुमच्याकडे आले.

तुम्ही माझी वही पाहिलीत आणि म्हणालात, “तू त्यांचं आजचं नाव शोधते आहेस. ज्यांनी लिहून ठेवलं त्यांच्या कानाला काय ऐकू आलं, ते शोध ना.” मग मागणी-चिठ्ठीच्या पाठीवर तुम्ही रोमन लिपीत एकाखाली एक नावं लिहिलीत. कातकरी, काथकरी, काथोडी, कातोडी. एकाच नावाची ही रूपं. कुठे ‘टी’पुढे ‘एच’ आहे, कुठे नाही, कुठे शेवटी ‘करी’ तर कुठे ‘ओडी’. आपल्या कानाला त आणि थ मधला फरक सहज कळतो, पण इंग्रज अंमलदाराने जसं ऐकलं तसं लिहिलं आणि यंत्र लिहिलेलं तेवढंच शोधतं. आजच्या अनुसूचित जमातींच्या सरकारी यादीतसुद्धा काथोडी, कातकरी, ढोर काथोडी, सोन काथोडी ही नावं एकाच नोंदीत एकापुढे एक येतात. ती यादी मी पाठ केली होती. तिचा असा उपयोग असतो हे मला सुचलं नव्हतं.

ती चिठ्ठी माझ्याकडे आहे. प्रबंधाची पहिली संदर्भसूची तीच.

काथकरी या रूपाने शोधल्याबरोबर जुन्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचे खंड उघडले. १८८२चा ठाणे जिल्ह्याचा, १८८३चा कुलाबा म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्याचा. काथोडी म्हणून शोधलं तेव्हा एन्थोव्हेन या इंग्रज अंमलदाराच्या ‘मुंबई इलाख्यातल्या जाती-जमाती’ या १९२० ते १९२२ दरम्यान निघालेल्या तीन खंडांतली नोंद आली. आणि कातोडी या रूपाखाली, म्हणजे ‘एच’ नसलेल्या स्पेलिंगखाली, जॉन विल्सन या मिशनऱ्याचा १८४३चा लेख मिळाला. लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापलेला, उत्तर कोकणातल्या वारल्यांविषयी आणि कातोड्यांविषयी. तो मिळवायला मुंबईला जावं लागेल या धास्तीत मी होते. १८७०च्या आधीचे असे जुने लेख जेस्टोर या नियतकालिकांच्या ऑनलाइन संग्रहात कुणालाही फुकट वाचता येतात, हे तुम्ही सांगितलंत आणि तिथेच उघडून दाखवलंत. माझ्या प्रश्नाला एका दुपारीत दीडशे वर्षांहून जास्त खोली आली.

तरी कात कुठे गेला, ते यात नव्हतं. जमातीच्या नोंदींत चालीरीती असतात, लग्नं असतात, देव असतात. धंदा का बंद पडला, हे तिथे सापडेलच असं नाही. आठवड्याने मी पुन्हा तुमच्यासमोर उभी राहिले, तेव्हा तुम्ही विचारलंत, “खैर शोधलास का?” मला कळलंच नाही. तुम्ही मला मानववंशशास्त्राच्या कपाटापासून पार दुसऱ्या टोकाला नेलंत आणि जॉर्ज वॉटचा भारतातल्या आर्थिक उत्पादनांचा कोश काढून दिलात. १८८९ ते १८९३ या काळातले ते जाडजूड खंड. पहिल्याच खंडात, खैराच्या शास्त्रीय नावाखाली, पानंच्या पानं काताविषयी. गाभ्याच्या चिपा कशा काढतात, मडक्यांत कशा उकळतात, रस आटवून वड्या कशा पाडतात. वनस्पतींच्या कोशात माझी माणसं काम करत होती आणि मी त्यांना जातींच्या कोशात शोधत होते.

तिथून धागा जंगल खात्याकडे गेला. १८७८चा भारतीय वन कायदा, मग इलाख्याच्या वन खात्याचे वार्षिक अहवाल, मग १८८५मध्ये नेमलेल्या मुंबई वन आयोगाचा १८८७चा अहवाल. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या लोकांच्या जंगलाविषयीच्या तक्रारी तपासण्यासाठी तो आयोग होता, म्हणजे नेमका माझा प्रदेश, नेमका माझा काळ. या कागदांची नावं माझ्या विषयाच्या कोणत्याही अभ्यासक्रमात मी वाचली नव्हती. जमातीचा इतिहास जमातीच्या नावाने ठेवलेला नसतो. तो जंगलाच्या, महसुलाच्या, अबकारीच्या नावाने ठेवलेला असतो, ज्या खात्याला तिच्याशी काम पडलं त्या खात्याच्या फडताळात. मुंबईला काळ्या घोड्याजवळच्या पुराभिलेखागारात गेले तेव्हा खातं आणि वर्ष दोन्ही लिहून घेऊन गेले. विषय सांगत बसले नाही. तुम्ही तसंच बजावलं होतंत. शाईचं पेन पिशवीतून काढू नकोस, पेन्सिल ने, हेही.

आणि ते ५७२! स्टॅकमध्ये, म्हणजे पुस्तकांच्या फडताळांत, ग्रंथालयातले शिपाईमामा माझ्यासोबत आले होते. मला हवे असलेले मानववंशावरचे जुने ग्रंथ ३०५ आणि ३०६ या वर्गांकांच्या रांगेत नव्हते. मामांनी सरळ विज्ञानाच्या मजल्यावर नेलं आणि जीवरसायनशास्त्राच्या चकचकीत पाठ्यपुस्तकांमध्ये दबून बसलेली कापडी बांधणीची सात-आठ पुस्तकं दाखवली. तुम्ही नंतर उलगडा केलात. ग्रंथालयात पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्यूई वर्गीकरणाच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये ५७२ हा मानववंशांचा वर्गांक होता. १९९६च्या एकविसाव्या आवृत्तीपासून तो जीवरसायनशास्त्राला गेला. नव्या पुस्तकांवर नवे अर्थ चढले, जुन्यांच्या पाठीवरची चिकटपट्टी तशीच राहिली. शेजारीशेजारी तोच क्रमांक, दोन वेगळ्या शास्त्रांचा. मी तो कोपरा नंतर कितीतरी मुलांना दाखवला आहे. आणि जे शास्त्र एके काळी माणसांना निसर्गविज्ञानाच्या फळीवर मांडत होतं, त्याचा अर्थ त्या फळीसमोर उभं राहिल्यावर जितका कळतो तितका वर्गात कळत नाही.

मॅडम, सगळ्यात मोठं ऋण मात्र वेगळ्याच गोष्टीचं आहे.

गॅझेटिअरमधलं कातकऱ्यांचं वर्णन वाचून मी त्या दिवशी वाचनकक्षातून उठून बाहेर गेले होते. माणसांविषयी ती भाषा! चोरटे, आळशी, घाणेरडे, असं एका वाक्यात उरकून पुढच्या वाक्यात त्यांच्या हत्यारांची मापं. मी पेण तालुक्यातली. शाळेत माझ्या बाकावर कातकरवाडीतली मुलगी बसायची, चौथीपर्यंत. तिच्या पणज्यांविषयी हे लिहिलेलं होतं. हे मी प्रबंधात कोणत्या तोंडाने उद्धृत करू, असं तुम्हाला विचारलं. तुम्ही समजूत काढली नाहीत. वही मागितलीत आणि पहिल्या पानावर तीन प्रश्न लिहिलेत. हे कुणी लिहिलं? कोणत्या खुर्चीत बसून लिहिलं? कुणाला विचारून लिहिलं? “प्रत्येक नोंदीसमोर ही तीन उत्तरं लिही. उत्तर मिळालं नाही तर तेही लिही. मग उद्धृत कर.”

तीनशेच्या वर नोंदी झाल्या आणि तिसऱ्या प्रश्नापुढची जागा बहुतेक ठिकाणी रिकामी राहिली. प्रबंधातलं तिसरं प्रकरण त्या रिकाम्या जागांवरच उभं आहे. तोंडी परीक्षेत याच प्रकरणावर सगळ्यात जास्त प्रश्न येतील असं सर म्हणतात, आणि मी तयार आहे.

त्यानंतर सुधागडातल्या एका वाडीवर बसले होते. कात काढण्याचं छापील वर्णन मी मराठी करून एका आजींना वाचून दाखवत होते. त्यांनी स्वतः कात काढलेला नाही, त्यांच्या आजीने काढलेला त्यांनी ऐकला आहे. चिपा, मडकी, आटवणं, यावर त्या मान हलवत होत्या. वाचून झाल्यावर त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “ज्यानं ह्ये लिवलंय, त्यो आमच्यात राह्यला व्हता का?” अंगावर काटा आला. तुमचा तिसरा प्रश्न, जवळजवळ त्याच शब्दांत, वाडीवरच्या आजींच्या तोंडून. त्या संध्याकाळी तुम्हाला फोन केला होता, आठवतं? रेंज नव्हती, टेकडीवर चढून केला, आणि वाऱ्यात तुम्हाला काही नीट ऐकूच गेलं नाही. तेव्हा जे ओरडून सांगत होते ते हे.

बाकी कितीतरी आहे. दुसऱ्याचा प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे भारतातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, उघडलास तर आधी त्याची संदर्भसूची वाच, हा सल्ला. एखाद्या विषयाचं आजवर काय झालं ते एका जागी हवं असेल तर १९७२पासून निघणारे मानववंशशास्त्राचे वार्षिक आढावे बघ, हा दुसरा. १९१५चं ‘गावगाडा’ तुम्ही हातात ठेवलंत, कारण त्र्यंबक नारायण आत्रे हेही सरकारी नोकरीतलेच, पण गाव जवळून पाहिलेल्या माणसाची नजर कशी चालते ते त्यात दिसतं. वेलिंग यांचं कातकऱ्यांवरचं १९३४चं पुस्तक तुम्ही आंतरग्रंथालयीन देवघेवीतून मागवून दिलंत. पानं हात लावला की तुटत होती, झेरॉक्सला देता येईना. दोन दिवस मी ते तुमच्या नजरेसमोर बसून हाताने उतरवलं, आणि दुसऱ्या दिवशी ग्रंथालय बंद व्हायची वेळ झाली तेव्हा तुम्ही दिवे घालवायला सांगितले नाहीत.

संदर्भ विभागात टेबलामागे माणूस असला पाहिजे, असं मी आता जिथे जाईन तिथे आग्रहाने सांगणार आहे. शोधचौकटीत नाव टाकायचं असतं, आणि कोणतं नाव टाकायचं हेच आमच्यासारख्यांना ठाऊक नसतं. ते विचारायला माणूस लागतो, तोही असा, ज्याने स्टॅकमधली धूळ स्वतः झटकली आहे. तुमच्यानंतर त्या खुर्चीवर कुणी येणार की नाही, याची मला खरंच काळजी वाटते.

एक काम मात्र केलं आहे. महाराष्ट्रातल्या जमातींच्या नावांची जुन्या इंग्रजी कागदांत मला दिसलेली सगळी रूपं, कोणत्या वर्षी कोणत्या पुस्तकात कोणतं स्पेलिंग आलं त्यासकट, कार्डांवर लिहून काढली आहेत. कातकरी, ठाकर, वारली आणि महादेव कोळी पूर्ण झाले, बाकीच्यांचं चालू आहे. कार्डाच्या खाली मुद्दाम जागा सोडली आहे, पुढच्या मुलांना नवं रूप सापडलं तर पेन्सिलीने भर घालायला. जुन्या कार्ड कॅटलॉगचा तो रिकामा खण तुम्ही मला दाखवला होतात, उजवीकडून दुसरा. तो अजून रिकामा असेल तर ही कार्डं तिथे ठेवावीत अशी विनंती आहे.

पुढच्या बुधवारी घेऊन येते. मामांना सांगा, आईने त्यांच्यासाठी पेणचे पोह्याचे पापड वेगळे बांधून ठेवले आहेत.

आपली,
खिडकीजवळच्या टेबलावर बसणारी