पार्सल मिळालं

पिंटू,

पार्सल मंगळवारीच मिळालं. फोनवर "मिळालं, छान आहे" एवढंच बोललो कारण तुझी आई शेजारी उभी होती आन तिच्यासमोर मला नीट बोलता येईना, म्हणून आता हे लिहायलोय. मोबाइलवर एका बोटानं टाइप करायलोय, चुका होतील, समजून घे. नोकरीचं मी काही विचारणार नाही हे आधीच सांगून टाकतो. तो विषय पाडव्याला झाला तेवढा बस.

कुरिअरवाल्या पोरानं डबा हातात दिला तेव्हा मला वाटलं चष्मा पाठवला असशील. उघडला तर आत थर्माकोल नाही, फोडायच्या फुग्यांचं प्लॅस्टिक नाही, रंध्याची सालपटं भरलेली. मी आधी सालपटं नाकाला लावली. सागाची होती. मग तंबाखू ओढायचा पाइप दिसला. तुझ्या आईनं तो उलटापालटा करून बघितला आन म्हणली, "लेकरानं बापाला चिलीम पाठवली व माय!" आणि मग जे सुरू झालं ते तासभर. याची तंबाखू सोडवायला माझी सात वर्षं गेली, याच्या गालातला तो पांढरा चट्टा मी टॉर्च लावून रोज बघितला, आन कामून हे असलं पाठवायचं म्हणून. शेवटी तिनंच पाइप शोकेसमध्ये तुझ्या दहावीच्या ट्रॉफीपाशी ठेवला, पण तोंड भिंतीकडं करून. ती झोपली की मी काढून बघतो.

चिठ्ठीत तू एवढंच लिहिलंस की "आण्णा, वापरू नका, नुसता हातात धरा." कोणी केला ते लिहिलं नाहीस. विकत घेतला असता तर बिल असतं, कंपनीचं नाव असतं, मखमलीची पिशवी असती. मी काय तुझ्यासारखा इंजिनिअर नाही पण आप्पा सुताराच्या पोटचा आहे, आणि पस्तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्यात, कोणाचं अक्षर कोणतं ते नाव न बघता सांगायचो. पाइपाच्या बुडाला डाव्या अंगाला कानशीचे दोन बारीक ओरखडे राहिलेत, पॉलिशखाली. डावखुऱ्या माणसाच्या हातून तिथंच राहतात. आप्पांच्या कामात पण तिथंच राहायचे.

मी काय केलं सांगू का, केरसुणीची काडी घेतली आन दांडीच्या तोंडातून आत सारली. कुठं अडकली नाही, जोडावर पण नाही, सरळ जाऊन वाटीच्या अगदी बुडाशी, बरोबर मधोमध निघाली. बूड उकरलेलं नाही, भोक वर चढलेलं नाही. मग दांडी काढून परत बसवली तर जोडात नख जाईना. दोनदा केलं, तिसऱ्यांदा पण केलं. तुला वाटल म्हातारं येडं झालं.

पण चाडं आठवलं ना. तू लहान होतास, तुला आठवतं का नाही कुणास ठाऊक. तिफणीच्या वर लाकडाची वाटी असायची, तिच्यात मुठीनं बी सोडायचं, बुडाला तीन भोकं, तिथून वेळूच्या तीन नळ्या खाली तीन फणांत जायच्या. भोक तिरपं पडलं, बारीकमोठं झालं की बी एका नळीत जास्त जायचं, एका तासात दाट तर दुसऱ्या तासात विरळ, आन महिन्याभरानं शेत उगवून आलं की सगळ्या गावाला दिसायचं की सुतारानं चाडं कसं केलंय. आप्पा म्हणायचे, डॉक्टराची चूक मातीत जाती, माझी चूक मातीतून वर येती. हे ते नेहमी म्हणायचे, नवं काही नाही, पण परवा काडी बुडातून निघाली तेव्हा मला एकदम त्यांचा आवाज आला. चाडं पोखरायला बसले की ते कोणाशी बोलायचे नाहीत. पायाच्या दोन अंगठ्यांत लाकूड धरायचे, एका हातात किकरं, ते लाकूड कोरायचं हत्यार, आन दुसऱ्यात हातोडी, आणि मधेच थांबून वाटीत फुंकर मारायचे. फुंकर मारली की डोळे मिटायचे, कारण भुसा सगळा तोंडावर यायचा.

व्हिडिओ कॉलवर बुधवारी सकाळी अकरा वाजता तुझ्या भुवईवर भुसा होता. मी आईला काही बोललो नाही. अंगठ्याला पट्टी पण होती. आणि मागं मशीनचा आवाज येत होता तर तू म्हणलास शेजारी रिनोवेशन चाललंय. पार्सलवर पाठवणाऱ्याचा पत्ता तुझ्या वाकडच्या फ्लॅटचा नाही, भोसरीची कुठली तरी शेड आहे. बघ, विचारणार नाही म्हणलो होतो. राहू दे. पुढं जाऊ.

लाकूड कोणतं हे मला ओळखता आलं नाही, ह्याचं मात्र वाईट वाटलं. साग नाही, शिसव नाही, बाभळीसारखं जड पण बाभळीचा रंग नाही, आन रेषा कशा, पाण्यावर वारं यावं तशा. मग चिठ्ठीच्या मागं तू बारीक "ब्रायर" लिहिलेलं दिसलं, ते मी यूट्यूबवर बघितलं. भूमध्य समुद्राकडं इटली वगैरे भागात झुडूप होतं म्हणे, त्याच्या मुळाशी गाठ धरती, ती गाठ खणून काढतात, तासन्तास पाण्यात उकळतात आणि मग महिनोन्‌महिने वाळवत ठेवतात, तेव्हा कुठं ते आगीला टिकतं, विस्तव आत असून लाकूड जळत नाही. उकळायचं कशाला तर आतला चीक जावा म्हणून. अरे, आप्पा बाभळीचं खोड ओढ्याच्या डोहात टाकून ठेवायचे ते ह्याच्यासाठीच! पाण्यात मुरलं की कीड लागत नाही, चिरत नाही. गावातले लोक घाई करायचे की सुतारा, चाक कधी देतोस, तर ते म्हणायचे लाकूड अजून पाण्यात आहे. काळी दांडी एबोनाइटची आहे ना? रबरात गंधक घालून कडक करतात, आठवीला शिकवायचो मी. हातात मात्र पहिल्यांदाच धरलं. खडा कुठं घालायचा ते काही कळलं नाही, चिलमीला खडा लागतो. असो.

आप्पांची चिलीम तुला आठवत असल. कुंभारवाड्यातली, मातीची, खाली ओल्या फडक्याची छापी. संध्याकाळी लिंबाखाली चौघं बसायचे. मला त्या छापीचा वास अजून सहन होत नाही. रात्री ते खोकायला लागले की आम्ही भावंडं पांघरुणात श्वास धरून मोजायचो, किती वेळानं थांबतात ते. तू आठ वर्षांचा होतास ते गेले तेव्हा. म्हणून तुला एकदाच विचारतो, तू ओढतोस का? पाइप करणारे लोक स्वतः ओढतात असं व्हिडिओत दिसलं. पाइपवाले म्हणतात आम्ही धूर छातीत घेत नाही, नुसता तोंडात फिरवतो. पण तोंडाला, जिभेला, घशाला तोच धूर लागतो, कॅन्सर तिथंच होतो, निकोटिनची सवय पण तीच लागती. आणि मी हे कोणाला सांगायलोय, ज्यानं शाळेच्या भिंतीवर स्वतःच्या हातानं रंगवलं की 100 यार्डांच्या आत तंबाखू विकायला बंदी, 2003 चा कायदा, आन आत ऑफिसात येऊन ड्रॉवरमधली पुडी काढली. पोरांना सगळं माहीत होतं. तेव्हा लेक्चर बंद करतो. तू ओढत नाहीस असं मी धरून चालतो, ओढत असलास तर आईला कळायच्या आत सोड.

खरं म्हणजे माझी भीती ती नाहीच.

1972 ला मी दहा वर्षांचा होतो. पाऊस नाही म्हणल्यावर पेरणी नाही, पेरणी नाही म्हणल्यावर तिफण कोण करतंय, चाक कोण बदलतंय, आन खळंच नाही तर बलुतं कुठलं. शेतकऱ्याचं निदान रान तरी असतं. आप्पा दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. लाल मिलोच्या भाकरी आणि सुकडी, त्याच्यावर वर्ष काढलं. ज्या हातानं चाकाचे आरे बसवायचे, असे की लोखंडी धाव तापवून चढवली आन पाणी ओतलं की सगळं चाक एकदम कडकड करून आवळायचं, त्या हातानं ते खडी फोडायचे आन संध्याकाळी बोटं वाकवून बघायचे, वाकतात का. मी तेव्हाच ठरवलं होतं की महिन्याच्या महिन्याला पगार होईल असलंच काम करायचं. तुला ही गोष्ट शंभरदा सांगितली. तू म्हणशील परत सुरू झाले. पण पिंटू, फ्लॅटचा हप्ता पाऊसपाणी बघत नाही रे. सूनबाईच्या एकटीच्या पगारात भागतं का? तिला माहीत तरी आहे का? कंपनीनं काढलं का तू सोडलीस? काढलं असल तर त्यात लाज कसली, सध्या पुष्कळांना काढायलेत, पेपरात वाचतो मी.

परत विचारलं. माफ कर.

1993 ला भूकंप झाला, 30 सप्टेंबर, गणपती विसर्जन करून लोक झोपले होते आन पहाटे चारच्या आधीच सगळं झालं. आप्पा साठी ओलांडलेले, तरी किल्लारीकडं गेले मदतीला. चार दिवसांनी आले ते दोन दिवस बोललेच नाहीत. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "भिंती गेल्या रे मास्तर, लाकूड कितीतरी ठिकाणी उभं होतं. खांब, तुळया, जशाच्या तशा. दगडानं मारलं माणसाला." मला तेव्हा राग आला होता, एवढी माणसं मेली आन यांना लाकडाचं पडलंय. आता वाटतं त्यांना दुसरं काय बघता येणार होतं. त्याच्यानंतर लाकडामातीचं माळवद कोणी घालेना, सिमेंट आलं, पत्रे आले, खिडक्या पण लोखंडाच्या, मग ट्रॅक्टर, लोखंडी अवजारं. आप्पा लिंबाखाली बसायचे पण काम घेऊन कोणी यायचं नाही. पोळपाट करायचे नाहीतर तुझ्यासाठी भोवरे. तुला त्यांचे भोवरे आठवतात, मला ती रिकामी दुपार आठवती. एवढाच फरक आहे आपल्यात.

म्हणून पाडव्याला तू म्हणलास ना की त्या खुर्चीत श्वास कोंडतो, तेव्हा माझ्या तोंडून गेलं, "मग बस जाऊन लिंबाखाली आप्पासारखा." तुझ्या सासरच्या माणसांसमोर गेलं. तू ताटावरून उठलास. मी तेव्हापासून शंभरदा ते वाक्य मनात परत घेतलंय. 2016 ला लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं तेव्हा तू इंजिनिअरिंगला होतास, कॉटबेसिसवर राहायचास, घागरीनं पाणी भरून पेपर दिलास, कधी तक्रार केली नाहीस. तुझं प्लेसमेंट झालं तेव्हा मी बस स्टँडवर ओळख नसलेल्या माणसाला पेढा दिला होता. असल्या पोराला मी चारचौघांत टोमणा मारला. आन तू त्याच्या बदल्यात हे पाठवलंस.

आणखी एक. आप्पांची हत्यारं मी भंगारात घातली हे तू अजून मनात धरून आहेस, मला माहीत आहे. वाकस, रंधे, पटाश्या, गिरमिट, गुण्या, सगळं. वजनावर गेलं. तेव्हा वाटलं घरात राहिलं तर डोळ्यासमोर राहील. कोणाच्या डोळ्यासमोर, ते तेव्हा मलाच नीट कळलं नव्हतं. तू सातवीत होतास आन शाळेतून येऊन माळ्यावर चढून बघितलंस, खाली उतरलास, जेवला नाहीस.

काल रात्री एक गंमत केली. पाइपाची दांडी काढली, वाटीत मूठभर, म्हणजे चिमूटभर मोहरी घातली आन खाली ताटली धरली. ज्वारी नाही जायची त्या भोकातून, मोहरी गेली. एकसारखी, कुठं न थांबता. आई उठून आली, दिवा लावला, बघत उभी राहिली. मला वाटलं आता ओरडती. ती म्हणली, "पोरानंच केलाय ना?" मी हो म्हणलो. सांडलेली मोहरी वेचत बसलो दोघं.

तर सांगायचं ते हे की एक किकरं वाचलंय. भंगारवाल्याच्या पोत्यात गेलं नव्हतं, तुझी आई त्यानं नारळ फोडती. मी ते आज घासलं, पातं चांगलं आहे, आप्पांच्या हाताखाली झिजून बोटभर कमी झालंय पण पोलाद जुनं आहे. मूठ मात्र फुटलीय. इथं बाभूळ मिळंल, बोरीचं पण एक खोड गावाकडं पडलंय. कोणतं घालायचं ते तू सांग, आणि मूठ नेहमीच्या मापाची धरू का तुझ्या डाव्या हाताला थोडी वेगळी लागती, ते पण कळव.

तुझे आण्णा